तापीतली दोन बेटं

सून खरबूज चिरते आणि त्या गोड वासाने मी अजून उठून बाहेर जाते. ते घडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. प्रकाशा गावाजवळ तापीच्या उथळ पाण्यात आमचं एक बेट आणि काकांचं एक. पूर ओसरला की त्यांवर खरबुजं लावायची. त्या वर्षी पुराने दोन्ही बेटं जोडून टाकली. मधल्या वाळूवरून भांडण पेटलं आणि वडिलांनी फावडं काकांच्या तोंडावर हाणलं. आई विळा घेऊन वेलांत घुसली, दिसेल ते खरबूज फोडत ओरडली, "आते कसाले लढतस?" आता कशासाठी लढता, असं ती दोघांना विचारत होती.

मी तेव्हा खरबुजांसाठी रडले. काकांचं रक्त मला आत्ता दिसतं.

पुढच्या पुराने बेटं पुन्हा दोन केली. ती बघायला काकांना एकच डोळा उरला होता.