पेंट शॉपमधले कागद

कलेच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला तेव्हा मला फक्त रांगोळी बरी यायची. वर्गातल्या बहुतेकांनी आधी क्लास लावलेले होते. वस्तुचित्राच्या तासाला त्यांचे माठ कागदावर ताठ उभे राहायचे, माझा एका बाजूला कलंडायचा. मॅडम रागवायच्या नाहीत. एकदा मात्र माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तुझी रेषा घाबरलेली आहे." त्या दिवसापासून ती आणखीच घाबरली. घरी सांगायची सोय नव्हती. मी बी.कॉम. करावं असं आईचं मत होतं आणि पप्पांनी भांडून तिला गप्प केलं होतं.

पप्पा चाकणच्या एका छोट्या कारखान्यात पेंट शॉपला होते. मोटारसायकलचे मडगार्ड आणि असले सुटे भाग रंगवायचं काम. रहाटणीहून उजाडायच्या आत निघायचे आणि परतताना ट्रॅफिकमध्ये अडकून घामेजून घरी यायचे.

पहिल्याच वर्षी कोलाजचा विषय आला. गुळगुळीत रंगीत मासिकं आणायला सांगितलं होतं. आमच्याकडे मासिकं कुठली? मी पप्पांना म्हटलं, "कंपनीत कुणाकडे पडलेली असली तर बघा ना." दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांची गुंडाळी माझ्या हातात दिली.

"पुस्तकं न्हाई गावली, माय. हे चालतंय का बघ. टाकूनच देणार होते."

रंग मारताना भागांखाली अंथरतात, ते हे पेपर. लाल रंगाचा बारीक फवारा त्यांच्यावर धुक्यासारखा बसला होता. जिथं मडगार्ड ठेवलं होतं तिथं मात्र कमानीच्या आकाराची जागा कोरी राहिलेली. तिच्यात निधनवार्ता आणि क्लासच्या जाहिराती स्वच्छ वाचता येत होत्या. मी ते पेपर कात्री न घेता हातानं फाडत गेले. काळेवाडीच्या पुलावरून दिसणारी नदी आणि तिच्यावर साचलेली जलपर्णी त्या तुकड्यांतून चिकटवली. नदी लाल झाली, आणि मला ती बरोबर वाटली. माझी रेषा तिथं कुठं नव्हतीच, त्यामुळे घाबरायला कुणी नव्हतं.

मॅडमनी ते चित्र बराच वेळ हातात धरलं. "हे तुझं आहे," त्या म्हणाल्या. "हे सोडू नकोस."

घरी सांगितलं तर पप्पा लाजल्यासारखे हसले. मग ते मुद्दाम कागद आणायला लागले. कधी काळे, कधी चंदेरी, कधी निळे. पेपर अंथरतानाच माझा विचार करायचे. "आज चार पार्ट आडवेतिडवे ठेवले बघ, तुला आकार मिळावेत म्हणून," असं सांगायचे. माझी चित्रं वर्गाच्या भिंतीवर लागायला लागली. मागच्या बाकावरच्या मुली विचारायच्या, कागद कुठून आणतेस? मी सांगायचे, पप्पा आणतात. मला ते सांगायला आवडायचं.

त्यांचा खोकला तोवर घरात जुना झाला होता. धूळ, पंखा, बदलतं हवामान, काहीतरी कारण निघायचंच. एका रविवारी कपडे भिजवताना त्यांचा रुमाल माझ्या हाताला लागला. त्याच्यावर थुंकीत मिसळलेला निळा डाग होता. तो निळा माझ्या ओळखीचा होता. माझ्या अर्ध्या झालेल्या चित्रात तोच चिकटवलेला होता.

मी रुमाल आईला दाखवला. त्याच आठवड्यात एक्स-रे झाला. डॉक्टर म्हणाले, "रंगाचा फवारा छातीत बसलाय. काकांची कामाची जागा बदला. मास्क घालत नाही का?" पप्पा म्हणाले, "घालतो की. पण उन्हाळ्यात आत जीव घाबरतो, मग खाली ओढतो."

घरी आल्यावर आईनं पलंगाखालचे सगळे कागद बाहेर काढले. "हे विष आहे घरात. वास येत न्हाई तुमाला?" वास होताच, थिनरचा. मला तो चित्राचा वास वाटायचा.

मी पप्पांना म्हणाले, "आता कागद आणू नका."

"का? आवडेना झाले का?"

"तसं नाही, पप्पा."

"कॉलेजात कोणी काय बोललं का? बाप पेंटर आहे म्हणून?"

मी रुमालाचं सांगितलं. ते माझ्याकडे न बघता बुटांच्या नाड्या सोडत राहिले. मग म्हणाले, "कागद आणले न्हाई तरी रंग तर मारावाच लागंल ना, माय." दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातानं आले.

पुढे कुणीतरी कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराला विनवलं आणि पप्पांना पॅकिंगला टाकलं. ओव्हरटाइम बंद झाला. माझे कागदही संपले. वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं. मी टूथब्रशनं रंग उडवून तसे कागद बनवायला बघितले. ते खोटे दिसत होते. कितीतरी फाडून टाकले. कधीकधी वाटायचं, माझं असं काही नव्हतंच, जे होतं ते पप्पांच्या छातीतून आलेलं होतं.

शेवटी मी उरलेले तुकडे पुन्हा नीट बघितले. माझी नजर रंगावर थांबत नव्हती. भाग उचलल्यावर उरलेल्या त्या कोऱ्या जागेवर थांबत होती. मग मी साधे, न रंगवलेले पेपर घेतले. पप्पा खुर्चीत बसतात तसा आकार त्यातून फाडला आणि भोवती काळा कागद लावला. मधला माणूस नुसत्या बारीक अक्षरांचा. या वेळी रंगाचा फवारा कुठंच नव्हता.

प्रदर्शनाला पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुसऱ्या मजल्यावर चढताना दोनदा थांबले आणि मोबाइलमध्ये बघितल्यासारखं केलं. चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "हा मी आहे का?"

"हो."

"रंग का न्हाई दिला?"

तेवढ्यात मॅडम जवळ आल्या, तुमची मुलगी छान करते म्हणाल्या. पप्पांनी हात जोडले, आणि खोकला आला म्हणून तोंड फिरवून व्हरांड्यात गेले.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. तशाच कोऱ्या माणसांची चित्रं करते; लोक लांबून ओळखतात, ही हिची म्हणून. पप्पा अजून पॅकिंगला आहेत. डॉक्टर म्हणतात, वाढलेलं नाही, पण कमीही व्हायचं नाही. मागच्या महिन्यात ठेकेदारानं विचारलं, पेंटला माणूस कमी आहे, परत येता का? पप्पांनी अजून त्याला नाही म्हटलेलं नाही.