ईदला चिमूरला निघालेली पाहुणी

हॉस्टेलमध्ये तिची खाट माझ्या खाटेला लागून होती. टांझानियाच्या एका बेटावरून ती सरकारी शिष्यवृत्तीवर चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकायला आली होती. तिचं पहिलं वर्ष मी जवळून पाहिलं. मेसच्या भाजीनं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पोरी न विचारता तिच्या केसांना हात लावायच्या. गोल बाजारात गेलो की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. ती सगळं हसून घ्यायची, पण खोलीत आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. अशा वेळी तिच्याशी बोलायचं नसतं, एवढं मी शिकले होते.

त्या वर्षीची ईद तिनं मेसमधला वरण-भात खाऊन काढली. मी तेव्हा घरी होते. परत आल्यावर ते कळलं, म्हणून दुसऱ्या वर्षी मीच म्हटलं, ‘‘या ईदला आमच्याकडे चिमूरला चल.’’

तिनं आठवडाभर तयारी केली. माझ्या अम्मीसाठी तिच्या बेटावरून आणलेल्या लवंगा बांधून घेतल्या, खजूर घेतले, माझ्या चार वर्षांच्या बहिणीसाठी गुलाबी फ्रॉक घेतला. ईदच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. दोघींचा रोजा होता. तिनं प्रवासासाठी काळा बुरखा घातला होता.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे एक अफवा फिरत होती. पोरं पळवणारी टोळी आली आहे, लांब काळे झगे घालते, असं गावोगावी बोलत होते. आमच्या हॉस्टेलवरही ती गोष्ट आली होती आणि आम्ही हसून सोडून दिली होती.

वरोऱ्याच्या पुढं एका गावाच्या फाट्यावर बस पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. ड्रायव्हर जॅक लावून चाक काढायला बसला. मी हापशीवर तोंड धुवायला गेले. मागं वळून पाहिलं तर एक उघडंनागडं लेकरू रस्त्याच्या मधोमध चाललेलं आणि समोरून कोळशाचा ट्रक येत होता. माझ्या तोंडातून आवाज निघायच्या आत ती धावली, लेकराला उचललं आणि कडेला आली. ट्रक निघून गेला. तिचा चेहरा पाहून लेकरानं मात्र जीव खाऊन किंकाळी फोडली.

‘‘पोर उचललं! पोर उचललं!’’ कोणीतरी ओरडलं.

माणसं कुठून आली कळलं नाही. पानठेल्यावरून आली, वावरातून आली. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेची ओटी तशीच घेऊन धावल्या. त्यांतल्याच एकीनं, लेकराच्या आईनं, पोर हिसकून घेतलं. एका उंच माणसानं माझ्या मैत्रिणीचं मनगट पिरगाळून धरलं. तिचा काळा बुरखा धुळीत ओढला जात होता.

मी गर्दीत घुसले. ‘‘सोडा तिले! ट्रकखाली येत होतं लेकरू. वाचवलं तिनं!’’

‘‘तू कोन? तूबी यांच्यातलीच काय?’’

‘‘चिमूरच्या टेलरची पोरगी आहो मी. शाळेच्या गल्लीतल्या.’’

एक बाई माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, ‘‘हो, हे टेलरभाऊचीच हाय. पाहिली हाय मी हिले दुकानात.’’

‘‘टेलरची असंन,’’ मनगट धरणारा म्हणाला. ‘‘मंग हे कोन हाय? काऊन बोलत नाई?’’

ती बोलत नव्हती. तिला बऱ्यापैकी मराठी यायची, पण त्या वेळी तिचे ओठ नुसते हलत होते. कोणीतरी तिची पिशवी रस्त्यावर उपडी केली. लवंगा मातीत सांडल्या आणि वर तो फ्रॉक पडला.

मग तो उंच माणूस फ्रॉक वर धरून ओरडला, ‘‘हे कोनाचं? याच्या आंधी कोनाचं पोर नेलं हिनं?’’

‘‘माझ्या बहिणीसाठी घेतला तो!’’ मी सांगत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मागून कोणीतरी ढकललं, ती गुडघ्यावर पडली. काठी उगारलेली मी पाहिली.

तेवढ्यात कंडक्टर आत शिरला. वयस्कर, जाडजूड माणूस. त्यानं तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि आपल्या पाठीशी घेतलं.

‘‘पॅसेंजर हाय माझी. तिकीट मी फाडलं हाय हिचं. काही बोलाचं असंन तं चिमूरच्या ठाण्यात चला, बसमंदी जागा हाय.’’

बसायला कोणी तयार झालं नाही. त्या थांबलेल्या क्षणात तो आम्हाला मागं मागं सरकवत दारापर्यंत घेऊन आला. त्या माणसाच्या हातून पडलेला फ्रॉक मी उचलला. लवंगा तिथंच राहिल्या. ड्रायव्हरनं चाक आवळलं, गाडी सुरू केली, तेव्हा मागच्या पत्र्यावर दगड आपटला. चिमूर येईपर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला होता.

ईदला गल्लीतल्या बाया तिला बघायला आल्या. तिनं सगळ्यांना सलाम केला, शीरखुर्मा खाल्ला. माझी बहीण नवा फ्रॉक घालून सरळ तिच्या मांडीवर जाऊन बसली, तर तिनं दोन्ही हात वर उचलून धरले, पोरीला लागू दिले नाहीत. अम्मीनं ते पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

दुपारी अंगणात ती मला म्हणाली, ‘‘तू नसतीस तर?’’

मी म्हटलं, ‘‘असं का बोलतेस?’’

‘‘तू नसतीस तर काय झालं असतं, ते सांग.’’

मी उठून दोरीवरचे कपडे काढायला लागले.

परतायच्या दिवशी अब्बा म्हणाले, ‘‘सिंदेवाही-मूलवरून जा. लांब पडते, पण ते गाव लागत नाही.’’

ती म्हणाली, ‘‘मला अजून दोन वर्षं इथं राहायचं आहे, अब्बा. दर वेळी लांबून जाऊ?’’

मग अब्बाच दुकान बंद करून आमच्याबरोबर निघाले. फाटा आला. बस थांबली आणि तोच उंच माणूस वर चढला. त्यानं आम्हाला पाहिलं. पुढच्या सीटवर जाऊन तो पाठमोरा बसला. वरोऱ्यापर्यंत त्यानं एकदाही मान वळवली नाही. ती त्याच्या मानेकडे बघत होती. अब्बांना मी हळूच सांगितलं, तेव्हा ते उठून मधल्या जागेत दांडी धरून उभे राहिले.

वरोऱ्याला तो उतरायला उठला, दोन पावलं दाराकडे गेला आणि परत आला. अब्बांना म्हणाला, ‘‘भाऊ, त्या दिशी गलतफैमी झाली.’’

‘‘मले नोको सांगू. तिले सांग.’’

तो तिच्याकडे बघू शकला नाही. ‘‘तिले समजते काय?’’

‘‘समजते,’’ ती मराठीत म्हणाली.

तो तिथंच उभा राहिला. मागचे लोक ‘चला ना भाऊ’ करू लागले. त्यानं हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि उतरून गेला. तिनं तोंड ओढणीत घातलं आणि पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, सगळ्या बससमोर. अब्बा तिच्या बाजूला बसले.

पुढची दोन वर्षं ती चंद्रपुरातच राहिली आणि पदवी घेऊन गेली. दोन्ही ईदला आमच्याकडे आली, त्याच रस्त्यानं. पण अब्बा हॉस्टेलच्या दारात घ्यायला येईपर्यंत ती खोलीतून निघत नसे, आणि आम्हीही तिला कधी एकटी ये म्हटलं नाही.