वनिता सिस्टर परीक्षेला बसतात

उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर आपटायच्या. खुळखुळ, खुळखुळ! दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागलो, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलेला हा आवाज. आता सिरिंज प्लास्टिकची, वापरली की फेकायची. किस्से मात्र फेकता येत नाहीत. उसाच्या पाचटासारखे साठत जातात, एक ओढला की खालून चार निघतात.

मी रिटायर झालो, पण घरी करमत नाही. रोज सकाळी ओपीडीबाहेरच्या बाकावर येऊन बसतो. सगळे मला मामा म्हणतात. हल्लीचे किस्से बहुतेक वनिता सिस्टरचे.

वनिता सिस्टर आमच्या सरकारी दवाखान्यात नर्स. येरमाळ्याहून येऊन-जाऊन करतात. पक्की नोकरी, शिक्षक नवरा, तीन वर्षांची मुलगी आणि घर सांभाळणाऱ्या सासूबाई. एकदा आमचे तरुण डॉक्टर चहा पिता पिता म्हणाले, "सिस्टर, तुमचं बारावी सायन्स झालंय ना? एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेला बसा की! वयाची अट आता राहिली नाही."

डॉक्टर चहा पिऊन मोकळे झाले. सिस्टरचा चहा तसाच गार!

*

सिस्टरनी बायॉलॉजीचं पुस्तक आणलं आणि इंजेक्शन रूममध्ये कापसाच्या बंडलामागं ठेवलं. पेशंट नसला की काढायच्या. एकदा ढोकीचे एक पैलवान इंजेक्शनला आले. सिस्टरनी घाईघाईत उघडं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि सिरिंज उचलली. पुस्तकात माणसाचं चित्र, त्यावर बाणच बाण!

पैलवानांनी पायजमा घट्ट धरला. "बाई, बघून देताव व्हय? मंग तुमचं पाठ झाल्यावरच येतो म्या!"

आणि गेले की!

*

बेंबळीची एक आजी होती. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. ही बाहेर आली ती सरळ सिस्टरकडं.

"बाई, सायबानं लिवल्यात. पर तुमी सांगा, घिऊ का नगं?"

डॉक्टर मागं दारातच उभे! सिस्टर लाजून लाल. डॉक्टर म्हणाले, "सांगा सिस्टर, मी पण ऐकतो."

*

मध्ये महिनाभर एक लेडी डॉक्टर आल्या होत्या. एका बाप्यानं त्यांच्याकडून छाती तपासून घेतली, पाठ तपासून घेतली, जीभ दाखवली आणि शेवटी विचारलं, "सिस्टर, डॉक्टर कवा येणार?"

आम्ही हसलो. वनिता सिस्टरही हसल्या, मग माझ्याशेजारी येऊन बसल्या. "मामा, इतकं शिकूनही लोक सिस्टरच म्हणणार असतील, तर मी आहे ती काय वाईट?"

मी म्हणालो, "बाई, मला लोकं जन्मभर कंपाउंडर म्हणत आले. म्हणून काय मी गोळ्या वाटल्या?"

त्या हसत हसत उठल्या. पुस्तक काढायला गेल्या.

*

शाळेच्या मधल्या सुट्टीत नवरा फोनवरून प्रश्न विचारायचा. सिस्टरच्या हातात काम, म्हणून फोन स्पीकरवर. "हृदयाला कप्पे किती?" बायकांचा अख्खा वॉर्ड कान टवकारून! आठवड्याभरात सिस्टरच्या आधी वॉर्डच ओरडायला लागला, "चार!" एका बाळंतिणीला डिस्चार्ज दिला तर ती म्हणते, "उंद्या जाते की. किडनी ऱ्हायलीय."

*

परीक्षा झाली, निकाल आला आणि सिस्टरचा एमबीबीएसला नंबर लागला! पेढे वाटून झाले. कॉलेज लांबचं, साडेपाच वर्षांचं शिक्षण, सोमवारी हजर व्हायचं. पण सिस्टर जायची तयारीच करेनात.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सर, मुलगी लहान आहे. तिचं सगळं सासूबाई बघतात, पण त्यांचंही वय झालं. त्यांच्यावर किती टाकायचं? त्या हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मी नाही जात."

शनिवारी सासूबाई दवाखान्यात आल्या. केसपेपर काढला आणि लाइनीत उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, "आक्का, सूनबाईला बोलावू का? लाइनीत कशाला?"

"पेशंट हाय म्या. नंबरानं जाईन."

त्यांचा नंबर आला. दार उघडंच होतं, मला बाकावरून सगळं दिसत होतं. डॉक्टर त्यांना बघून घाबरले. "काय होतंय?"

"व्हत काय न्हाय. समदं तपासा."

डॉक्टरांनी बीपी बघितलं, छाती बघितली, शुगर बघितली. "आजी, तुम्ही ठणठणीत आहात. अजून दहा वर्षं तरी कुठं जात नाही!"

"धा नगं. साडेपाच वर्सं नात सांभाळाया पुरंल का, तेवढं लिवून द्या. वर शिक्का मारा."

डॉक्टर हसले नाहीत. केसपेपरवर लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

इंजेक्शन रूममध्ये सून ट्रे लावत होती. सासूबाईंनी कागद तिच्यासमोर ठेवला, पदर डोक्यावरून सारखा केला आणि येरमाळ्याच्या गाडीकडं चालायला लागल्या.