रॉकेलच्या बाटलीतलं सोडियम

आमच्या तुर्भ्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेत एक केमिस्टबाई होत्या. माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, हे आधीच लिहून टाकतो. पुढच्या हकिगतीत आमच्या मॅनेजरसाहेबांचा थाट एवढा आहे, की बाई राहूनच जायच्या.

मी लोणारकडचा, सातवीत शाळा सोडलेला. ऐंशीच्या आसपास इकडे आलो, जुई गावात खोली घेतली आणि प्रयोगशाळेच्या स्टोअरमध्ये टेंपररी लागलो. कुणाला पर्मनंट करायचं ते दसऱ्यानंतर साहेब ठरवणार होते. त्यामुळे साहेब शिंकले तरी मी उठून उभा राहायचो. त्यांना शुद्धतेचं भारी वेड. मी "काऊन साहेब?" म्हटलं की चारचौघांत म्हणायचे, "काऊन नव्हे, का! आधी तोंड शुद्ध करा."

खंडेनवमीला कारखान्यातली झाडून सगळी हत्यारं-अवजारं धुऊन पूजेला मांडायची. त्या सकाळी साहेबांनी स्टोअरमध्ये नाक खुपसलं.

"देवीपुढे रॉकेलचा वास?"

"सोडियमची बाटली, साहेब. ते रॉकेलातच ठेवतात."

"बाहेर काढा. स्वच्छ पाण्याने धुवा, कुंकू लावून ताटात ठेवा. पाहुण्यांना कळू दे शुद्ध धातू कसा असतो."

"पाण्यानं चालंल?"

"अहो, मिठात सोडियमच असतं. आमटीत मीठ टाकल्यावर भडका उडतो का?"

हे मलाही पटलं. पदवीवाला माणूस बोलतोय, आपण कोण? बादली भरली. चिमट्यानं ढेप उचलली, तेवढ्यात बाईंनी मागून मनगट धरलं.

"अरे, हात नकोयत का तुला?"

ढेप त्यांनी परत रॉकेलात सोडली. सुरीनं तुरीच्या दाण्याएवढा तुकडा कापला, सगळ्यांना मागं सारलं आणि तो बादलीत टाकला. तुकडा फुसफुसत पाण्यावर गरगरला, पिवळा पेटला आणि फाट्कन फुटला. साहेब पूजेच्या टेबलामागे. नारळ घरंगळत दारापर्यंत गेला.

"सोडियम निसर्गात एकटं सापडतच नाही," बाई मला म्हणाल्या. "भेटेल त्याच्याशी संसार मांडतं. मीठ हा त्याचा संसार, म्हणून ते शांत. तुझी आई लोणारच्या तळ्याकाठचा खार पापडात घालते ना? तोही त्याचाच, वेगळ्या घरातला."

"मग शुद्ध काहीच सापडत नाही?"

"सापडतं की. सोनं. ते सहसा कुणाशी जमवून घेत नाही."

मी साहेबांकडे बघायचं टाळलं. बाईंनी टाळलं नाही.

दुपारी साहेबांचा मेमो तयार: टेंपररी कामगाराच्या अडाणीपणामुळे आग लागली असती. मला सहीला बोलावलं. भीतीनं मी पेन टेकवलंही होतं.

"थांब," बाई आत येत म्हणाल्या. "साहेब, एक ओळ राहिली. धुवायला कुणी सांगितलं, ती. मी लिहू?"

मेमो ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच. मी पर्मनंट झालो. बाईंची बदली पॅकिंगला झाली, 'प्रयोगशाळेचे वातावरण शुद्ध राखण्यासाठी'. काही महिन्यांत त्या नोकरी सोडून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "गावाहून तो खार आण रे एकदा. तपासून बघायचाय."

तेव्हा आणला नाही. साहेब काय म्हणतील, ही धास्ती. आता साहेब नाहीत आणि खाराचा खडा कागदात बांधून माळ्यावर ठेवलाय. बाई, तुमचं घर शोधून काढीन आणि एक दिवस तो माझ्या हातानं तुमच्या हातात देईन. हात आहेत अजून दोन्ही.