मूग, हरभरे आणि धनकुंवरभाभी

अडुसष्ट साली धुळ्याचं सायन्स कॉलेज अर्धवट सोडून धनकुंवरभाभी लग्न होऊन आमच्या भडगावच्या घरी आली. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, रसायनशास्त्राची समीकरणं मला जुळायची नाहीत. सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं नाही, म्हणून बाबूजी घरात असले की भाभी परातीत मूग-हरभऱ्याचे अणू मांडून न बोलताच मला शिकवायची. जळो तो रिवाज!

मी पास झाले. बाबूजींनी पहिल्यांदाच तिला विचारलं, "बहू, हिला कॉलेजात धाडू का?"

मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. उत्तर आलंच नाही. बाबूजींनी तो नकार मानला आणि माझं लग्न ठरवलं.

भाभी अजून रडते, "मी होकारार्थी मान हलवली होती गं!"

सुनेकडे पाहायचं नाही, म्हणून बाबूजी भिंतीकडे बघत होते.