पोट दाबताना नजर कुठे हवी

मंगळवार. सर्जरीच्या परीक्षेचा दिवस. हजर: बाहेरून आलेले परीक्षक, आमच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर, एक सिस्टर, परीक्षेला बसलेली मुलं, पडद्यापलीकडच्या कॉटवर एक म्हातारी. अलीकडच्या कॉटवर मी. पोट उघडं. साडी पार खाली सरकवलेली.

त्या सकाळी मी प्रश्नपत्रिका होते. पोटात गाठ, ऑपरेशनची तारीख सारखी पुढे जात होती. मोठे डॉक्टर म्हणाले होते, "परीक्षेला केस म्हणून या, तुमचा नंबर लवकर लावतो. फक्त गाठ कसली ते मुलांना सांगायचं नाही." वाघोलीत मी डबे करते. डबे बहिणीवर टाकले आणि आले.

एकेक जण येई, दाबून जाई. नाव कुणी विचारलं नाही. एक पोरगी कानाशी कुजबुजली, "मावशी, कसली गाठ आहे? सांगा ना, प्लीज. चहा पाजते." मी तिलाही सांगितलं नाही. दिला शब्द पाळला. दुपारपर्यंत पोट पेटलं होतं.

"सिस्टर, आता बास करा."

"अहो, बाळंतपणं झालीत ना? मग एवढ्याने काय होतंय?"

तेवढ्यात परीक्षक आले. एक मुलगा माझं पोट दाबत होता. मी कण्हले. परीक्षकांनी त्याला थांबवलं.

"पोट दाबताना नजर कुठे हवी?"

"सर... हातावर?"

"चेहऱ्यावर! पेशंटच्या चेहऱ्यावर! दुखतंय की नाही ते तोंड सांगतं. या आता पुढच्या वर्षी."

मला वाटलं, चला, एक तरी माणूस आला.

"बघा, असं," म्हणत त्या परीक्षकाने चार बोटं माझ्या पोटात खुपसली. बघत होता त्या मुलाकडे. डोळ्यांपुढे काळोख आला. मी ओरडले, "साहेब, तुमची नजर कुठाय?"

मुलं हसली. तो हसला नाही. आधी इंग्रजीत काहीतरी बोलला, मग मला कळावं म्हणून मराठीत. "या लोकांची कातडी जाड असते. ओरडायची नुसती सवय." आणि सिस्टरला, "हात धरा हिचे."

हिचे.

सिस्टरने माझी मनगटं उशीवर दाबून धरली. बोटं पुन्हा आत गेली, आणखी खोल.

हात धरलेले होते. पाय मोकळे होते.

मी लाथ घातली. सरळ छातीत. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. चष्मा उडाला. तो पडद्यासकट म्हातारीच्या कॉटवर कोसळला.

"मेला का गं?" म्हातारीने विचारलं.

"नाही, आजी."

मी उठून बसले. साडी नीट केली. "आता बघा माझ्या तोंडाकडे," मुलांना म्हटलं. एकाचीही मान वर झाली नाही.

परीक्षा थांबली नाही. मला बाहेर काढलं, पडदा पुन्हा उभा केला आणि म्हातारीचं लुगडं सोडलं. तिचं ओरडणं मला जिन्यापर्यंत ऐकू आलं.

मोठे डॉक्टर संध्याकाळी म्हणाले, "पाहुण्यांवर पाय उचललात तुम्ही. उद्या सकाळी सरांच्या पाया पडा. मग तारखेचं बघू."

डबे पोचवून आलेली बहीण रडायला लागली. "पड ना वं पाया, ताई. काय जाते तुयं?"

"जवळ गेले तर परत लाथ बसेल त्याला," मी म्हटलं. डॉक्टरांसमोरच.

पाया पडले नाही. पडणार नाही. गाठ पोटातच आहे. डब्यांची पिशवी उचलली की ओढ बसते. दुसऱ्या दवाखान्यात नंबर लावलाय. तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगितलं, हात लावण्यापूर्वी मला विचारायचं. त्यांनी विचारलं. म्हणजे विचारता येतं.

तिकडे परीक्षा पुन्हा लागेल. त्या दिवशी डबे लवकर उरकून वॉर्डाच्या दारात उभं राहायचं आहे. आत नेतील त्या प्रत्येक बाईला थांबवून सांगायचं आहे, नाही म्हण. हात धरलेच, तर पाय आहेत.

हे काम बाकी आहे.