आक्कांचं मोकळं मांजर

गिरणीवाल्या आक्कांच्या साडीवर दिवसभर पीठ असायचं आणि त्या पिठात मांजरीच्या पावलांचे ठसे. शहागडला हायवेलगत त्यांची पिठाची गिरणी होती. तिच्या भिंतीला भिंत लावून माझं बियाण्यांचं दुकान.

त्यांची मांजर चिंधी गावभर हिंडायची. समोरून ट्रक धडधडत जायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "आक्का, बांधा तिला. चाकाखाली जाईल एक दिवस."

"मंग तुमच्या पोरालाबी बांधा की! त्यो फटफटीवर कसा पळून राह्यलाय, बघा."

बांधलेल्या जनावराचं पोट भरतं, जीव भरत न्हाई, असं त्या म्हणायच्या. संध्याकाळी गिरणीचा पट्टा थांबला, की चिंधी असेल तिथून परत यायची. हाक मारावी लागत नसे.

एका संध्याकाळी पट्टा थांबला आणि चिंधी आली नाही. सकाळी ती हायवेच्या कडेला सापडली. ट्रकने उडवली, असं सगळे म्हणाले. "सांगितलं होतं ना, आक्का," असंही म्हणाले. मी वाकून पाहिलं. अंगावर जखम नव्हती, तोंडाला फेस होता. आदल्या दिवशी मी पोत्यांमागे उंदरांचं औषध टाकलं होतं. शेजारी सांगायचं राहून गेलं होतं. मेलेला उंदीर तिने खाल्ला असणार.

"भाऊ, माझंच चुकलं," आक्का म्हणाल्या. "आता दुसरं आणलं तर बांधूनच ठेवते. बराबर ना?"

मी म्हणालो, "बिलकुल बराबर."

त्यानंतरचा बोका गिरणीच्या खांबाला सुतळीने बांधलेलाच वाढला. गिऱ्हाइकांना उलटं बोलणंही आक्कांनी सोडलं. दळण घ्यायच्या, द्यायच्या. भिंतीपलीकडून पट्ट्याचा आवाज तेवढा यायचा.

गुडघे गेले, तेव्हा त्या भोकरदनला लेकीकडे निघाल्या. बोका माझ्या हातात देत म्हणाल्या, "सोडू नका बरं, भाऊ. तुमचं तवा ऐकलं म्हणून ह्यो तरी वाचला."

एस.टी. सुटेपर्यंत मी शेजारी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही. गेल्या वर्षी त्या तिकडेच वारल्या. म्हणून हे आता लिहितो आहे. आक्का, तुमचं चुकलं नव्हतं.

त्यांची बातमी आली, त्याच दिवशी मी सुतळी कापली. बोका उंबऱ्यापर्यंत जातो, जुन्या सुतळीच्या लांबीइतका, आणि तिथूनच मागे वळतो.